जुना संगणक, नवा दुभाष्या : जोडणीतील दोष कसा शोधावा

कलकत्त्याच्या दक्षिणेस बेहाला नावाची दाट वस्ती आहे. तिच्यामधून डायमंड हार्बरकडे जाणारा जुना रस्ता जातो. जहाजे आल्याची वार्ता नदीमुखाकडून शहरास त्वरित कळावी म्हणून याच दिशेने इ.स. १८५१ मध्ये हिंदुस्थानातील पहिली तारायंत्राची वाहिनी सुरू झाली. ती उभारणारे डॉ. विल्यम ओ'शॉनेसी हे व्यवसायाने वैद्य आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. अन्य देशांत अशा वाहिनीसाठी बारीक तार वापरीत असत. ओ'शॉनेसींनी डांबर लावलेल्या बांबूंच्या खांबांवरून पाऊण इंचाच्या निम्म्या, म्हणजे तीन-अष्टमांश इंच जाडीच्या लोखंडी सळया नेल्या. दमट हवेत वीज वाटेतच झिरपून जाते. परंतु वाहक जाड असेल तर काही प्रवाह झिरपूनही उरलेला पलीकडे पोहोचतो, असा त्यांचा हिशेब होता. शिवाय वाऱ्याने वा माकडांच्या झोक्यांनी सळई तुटत नाही. त्यांचे सहायक शिवचंद्र नंदी डायमंड हार्बरच्या टोकाला बसून संदेश पाठवीत.

अशा वाहिनीवर संदेश येईनासा झाला तर सबंध वाहिनी पायी तपासण्यात अर्थ नसतो. मधल्या एखाद्या ठिकाणी ती सोडवून पाहावी. तेथपर्यंत प्रवाह येत असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, येत नसेल तर मागच्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करावेत. तारखात्याची ही रीत आज एका अगदी निराळ्या कामी येते. जुन्या शालेय संगणकांना आजच्या यंत्रांशी जोडण्याचे ते काम होय.

आपल्या देशातील शाळांत संगणकशिक्षणाची 'क्लास' ही योजना १९८४ मध्ये सुरू झाली. आरंभी सुमारे २५० शाळांना ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीच्या बनावटीचे 'बीबीसी मायक्रो' संगणक देण्यात आले. पुढे ते 'युनिकॉर्न' या नावाने भारतातही तयार झाले. या यंत्राची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. तरीही त्यावर शिक्षकांनी पाठ लिहिले, मुलांनी आज्ञावली रचल्या आणि त्या लवचीक चकत्यांवर साठविल्या. त्या चकत्या आजचा संगणक वाचू शकत नाही. दमट हवेत त्यांवर बुरशी चढते आणि तशीच चकती फिरविली तर तिचा चुंबकीय लेपच खरवडून निघतो. म्हणून कपाटात असे संगणक पडून असतील, तर त्यांतील मजकूर बाहेर काढण्याचे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.

येथे हौशी तंत्रज्ञांनी बनविलेले अ‍ॅडॉप्टर उपयोगी पडतात. अ‍ॅडॉप्टर म्हणजे एक दुभाष्याच होय. जुन्या यंत्राची विद्युत्-बोली तो ऐकतो आणि नव्या यंत्रास कळेल अशा रूपात पुढे देतो. त्याच्या पोटात बहुधा रास्पबेरी पाय यासारखा लहानसा संगणक असतो. मात्र जुने यंत्र ५ व्होल्टवर बोलते आणि रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. मध्ये पातळी बदलणारी चिप नसता दोहोंस थेट जोडले, तर नवे यंत्र कायमचे निकामी होऊ शकते.

वीज देण्यापूर्वी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. त्या काळच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत कागदी संधारित्र असतात. त्यांच्या वेष्टनास तडे जाऊन आत ओल शिरते आणि वीज देताच ते धूर ओकतात. बंगालच्या किंवा कोकणच्या हवेत तर ते बदलूनच यंत्र सुरू करावे. हे काम जाणत्या माणसाचे आहे, विद्यार्थ्यांचे नव्हे; कारण पेटीत मुख्य विजेचा दाब असतो.

आता संगणकांच्या जाळ्याकडे वळू. बीबीसी मायक्रोच्या जाळ्यास 'इकोनेट' म्हणत. त्याच्या तारेत दोन जोड्या असतात : एकीवरून मजकूर जातो, दुसरीवरून ठेका. भजनात टाळ चुकला की सारेच चुकतात, तसे येथे होते. सर्व यंत्रे या एका ठेक्यावरच चालतात. तो देणारी पेटी हरवली असेल, तर संगणक पडद्यावर 'नो क्लॉक' असे स्पष्ट सांगतो. 'लाइन जॅम्ड' असा शब्द आला, तर वाहिनी मोकळी होत नाही असे समजावे. अशा वेळी दोन्ही टोकांचे समापक रोध जागेवर आहेत का, हे प्रथम पाहावे. ते नसतील तर संकेत टोकाला आपटून परत येतात आणि स्वतःच्याच प्रतिध्वनीत मिसळतात. 'नॉट लिसनिंग' याचा अर्थ वाहिनी ठीक आहे, पण ज्यास हाक मारली तो उत्तर देत नाही. प्रत्येक संगणकास १ ते २५४ यांपैकी एक क्रमांक असतो. दोघांना एकच क्रमांक मिळाला, तर दोष कधी दिसतो, कधी लपतो. असा दोष सर्वांत त्रासदायक होय. म्हणून सबंध जाळे एकदम जोडू नये. एक संगणक, एक अ‍ॅडॉप्टर, हातभर तार आणि दोन समापक एवढ्यावर बोलणे जमले, की मग एकेक यंत्र वाढवावे.

मुद्रकाच्या बाबतीत मात्र यंत्र काहीच बोलत नाही, आणि लोकांची खरी फसगत येथेच होते. समजा, मुद्रकाच्या समांतर पोर्टला अ‍ॅडॉप्टर लावला. पन्नास-साठ अक्षरे पाठविली तोवर संगणक खुशाल चालला आणि मग एकाएकी थबकला. पाहणाऱ्यास वाटते, अ‍ॅडॉप्टर अर्धवट चालतो आहे. वस्तुतः तो मुळीच चालत नसतो. संगणक छापावयाची अक्षरे आधी आपल्या स्मृतीतील एका लहान साठ्यात ठेवतो. तो साठा भरेपर्यंत सारे सुरळीत भासते, इतकेच. दोषाचे मूळ असे की, अक्षर दिल्यावर बीबीसी मायक्रो 'पोहोचले' अशा पावतीच्या संकेताची वाट पाहतो. 'मी कामात आहे' असा जो दुसरा संकेत बहुतेक मुद्रक देतात, त्याची तार या संगणकाच्या पोर्टला जोडलेलीच नाही. अ‍ॅडॉप्टर फक्त तो दुसरा संकेत देत असेल, तर पावतीअभावी संगणक ताटकळत राहतो. तार बदलून किंवा चिप उपटून पुन्हा बसवून हा दोष कधीही जाणार नाही.

सर्व ओळी एकाच ओळीवर छापल्या जातात, अशीही तक्रार असते. हा बिघाडच नव्हे. ओळ खाली सरकविण्याचा संकेत, ज्याचा क्रमांक १० आहे, तो हा संगणक मूळ रचनेनुसार मुद्रकाकडे पाठवीतच नाही; ओळ मुद्रकाने आपणहून सरकवावी अशी त्याची अपेक्षा असते. '*एफएक्स ६,०' ही आज्ञा दिली की तो संकेत जाऊ लागतो. अर्थात ही अक्षरे रोमन लिपीतच टंकावयाची. आणि आज्ञेनंतर दोन-दोन ओळी सरकू लागल्या, तर मुद्रकही आपले काम करीत होता असे ठरते. मग दोहोंपैकी एकाने ते सोडावे.

अ‍ॅडॉप्टर क्रमवार पोर्टला लावावयाचा असेल, तर त्या पोर्टची पाच पिनांची गोल खोबण आधी नीट निरखावी. हीत जोडणी उलटीही तितकीच घट्ट बसते. आजवर किती निर्दोष अ‍ॅडॉप्टर या एका कारणाने सदोष ठरले असतील! उलट बसल्यास पाठविण्याची आणि घेण्याची तार यांची अदलाबदल होते; म्हणून काहीच घडत नसेल तर जोडणी अर्धा फेरा फिरवून पाहावी. त्यानंतर दोन्ही बाजूंचा वेग एकच आहे ना, ते पाहावे. वेग जुळत नसेल तर अक्षरे येतात, पण ती अर्थहीन असतात. एवढ्यानेही न जमल्यास ओ'शॉनेसींच्या वाहिनीप्रमाणे मध्ये तोडून पाहावे. अ‍ॅडॉप्टर सोडवून संगणकाची पाठविण्याची पिन त्याच्याच घेण्याच्या पिनेस आखूड तारेने जोडावी, आणि परवानगीच्या संकेतांच्या दोन पिनाही तशाच एकमेकींस जोडाव्यात. पाठविलेले अक्षर परत आले, तर संगणक आणि पोर्ट हे दोन्ही निर्दोष आहेत. मग पेचकस अ‍ॅडॉप्टरच्या पेटीकडे वळवावा.