आधी उंबरे, मग वेग

इंग्लंडमध्ये १९६२ ते १९८० या काळात एमजीबी नावाची उघड्या टपाची छोटी स्पोर्ट्स कार बनायची. हौशी माणसं ती आजही नीट करून रस्त्यावर चालवतात. सगळ्यांना घाई इंजिनाची. खरी गोम मात्र गंजात.

या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचं अंगच भार पेलतं. वर छप्पर नाही, म्हणून दारांखालच्या दोन पोकळ उंबऱ्यांवर फार ताण. बाहेरून रंग चकचकीत, आत भुगा! उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी जोडतात, नाहीतर गाडी मध्येच वाकते आणि दार लागत नाही.

मग ब्रेक. सुरुवातीच्या गाड्यांत चारही चाकांचं ब्रेकतेल एकाच पंपातून, एकाच वाटेनं जायचं. एक नळी फुटली की पाय थेट खाली. म्हणून दोन वाटांचा पंप बसवतात. एक गेली तरी दोन चाकं थांबवतात. इंजिनाची ताकद वाढवायची ती यानंतर.