टिळक मैदानावरचा संघ

गोवा एक्स्प्रेसला भुसावळहून बसलेला आपला खानदेशी माणूस बहुधा मडगावलाच उतरतो. गाडी मात्र पुढे वास्कोपर्यंत जाते. गाव पोर्तुगीज दर्यावर्दीच्या नावाचं आणि फुटबॉलचं मैदान लोकमान्यांच्या! साळगावकर क्लब इथलाच.

क्लब सुरू झाला 1956 साली, गोव्यात पोर्तुगिजांचा अंमल असताना. खेळ मात्र त्यांनी आणलेला नव्हे. 1883 च्या सुमारास शिवोलीत तो रुजवला विल्यम लायन्स या ब्रिटिश पाद्र्याने. संघ उभा केला खाणमालक वासुदेव साळगावकरांनी.

पोर्तुगालातल्या लहान गावचा क्लब परंपरेने वर्गणीदार सभासदांचा; अध्यक्षही तेच निवडणार. आपल्या गणेश मंडळासारखंच म्हणा ना. वास्कोत तसं नव्हतं. गॅलरी गावाची, संघ शेठचा.

पण शेठचा संघ म्हणून नाक मुरडू नये. ब्रह्मानंद शंखवाळकर याच संघाचे गोलरक्षक. 1984 चा संतोष करंडक गोव्याने एकही गोल न खाता जिंकला, तेव्हा गोलपोस्टमध्ये हेच उभे होते. 1988 साली फेडरेशन कप आणि 1999 साली राष्ट्रीय लीग. दोन्ही जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब साळगावकरच.

मला स्वतःला आवडतो तो नंतरचा काळ. 2008 मध्ये संघ आय-लीगमधून, म्हणजे त्याच राष्ट्रीय लीगच्या नव्या रूपातून, खाली घसरला, दुसऱ्या श्रेणीत खेळून वर आला आणि 2011 मध्ये थेट विजेता! त्याच वर्षी फेडरेशन कपही. प्रशिक्षक मोरोक्कोचे करीम बेंचेरिफा, गोल करायला जपानचा र्‍युजी सुएओका. गोव्याचं लोहखनिज वर्षानुवर्षं जपानला जात होतं; परतफेड म्हणायची तर ही.

2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. संघाने मात्र आय-लीग सोडली ती 2016 मध्ये, आणि कारण दिलं ते वेगळंच: भारतीय फुटबॉल महासंघ इंडियन सुपर लीगला (आयएसएल) वरचं स्थान देऊन आय-लीगला खाली ढकलणार होता. गोव्यातलेच धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवाही त्याच वर्षी बाहेर पडले. तक्रार रास्त होती, पण गॅलरीतल्या माणसाला कुणी विचारलं नाही. विचारायला तो सभासद थोडाच होता?

पुढे 2020 मध्ये कोरोनामुळे ती आयएसएल अख्खीच गोव्यात आली. तीन मैदानांपैकी एक टिळक मैदान. सामने रंगले, पण प्रेक्षकांना आत सोडत नव्हते.