मालिकेतला चमत्कार आणि आपलं मूल

डोलवीत संध्याकाळी बहुतेक घरांत मालिका चालू असते. नायक व्हीलचेअरवर असतो, एखादा धक्का बसतो आणि तो ताडकन उठून चालू लागतो! खलनायिकेला मात्र शेवटी अपंगत्व येतं. म्हणजे पापाची शिक्षा.

सेरेब्रल पाल्सी धक्क्याने जात नाही. वाढत्या मेंदूला झालेली ती इजा आहे. फिजिओथेरपी लवकर सुरू झाली तर मूल बसायला, हाताने जेवायला शिकण्याची शक्यता वाढते. चमत्काराची वाट पाहण्यात सुरुवातीची वर्षं गेली, तर नुकसान मुलाचंच. आईच्या मागच्या जन्माचा इथे काहीएक संबंध नाही.

'आपकी अंतरा' (२००९) या हिंदी मालिकेत स्वमग्न मुलगीच मध्यभागी होती. अशा मालिका थोड्याच. ८ जुलै २०२४ रोजी निपुण मल्होत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपंगांची थट्टा आणि ठरावीक साचे टाळायला, त्यांना विचारून लिहायला सांगितलं.

२०१६ च्या कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, स्वमग्नताही त्यात आहे. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल, तर ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. दाखल्यासाठी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.