बेनेगलांची मंडळी

‘अंकुर’मधला सूर्या हा तेलंगणातल्या एका जमीनदाराचा मुलगा. बापाने शेतीवर राहायला पाठवलेला हा तरुण घरकाम करणाऱ्या लक्ष्मीला जवळ करतो, आणि तिला दिवस गेल्यावर हात झटकून मोकळा होतो. ‘मंथन’मधला चंदावरकर गुजरातेत सहकारी दूध सोसायटी उभी करायला आलेल्या पथकातला. तोही गावातल्या एका दलित मुलीत गुंततो. इथे मात्र पथकाचे प्रमुख डॉ. राव त्याची तडकाफडकी रवानगी करतात. पहिला चित्रपट १९७४ चा, दुसरा १९७६ चा, आणि दोन्ही भूमिका अनंत नाग यांच्या.

‘अंकुर’ पाहून दोन वर्षांनी ‘मंथन’ला गेलेला प्रेक्षक चंदावरकरला पाहताच मनातून सावध झाला असणार. हा देखणा, गोड बोलणारा, शहरी पोरगा गावात आला की काय होतं, ते त्याने आधी पाहिलेलं होतं. पटकथेत ज्यासाठी एक प्रसंग खर्ची घालावा लागला असता, ते काम एका चेहऱ्याने करून टाकलं. श्याम बेनेगल तेच ते नट पुन्हापुन्हा का घेतात, असं त्यांच्या हयातीत अनेकदा विचारलं गेलं. आवड, सोय, मैत्री, कमी मानधन ही उत्तरं खरीच आहेत, पण अपुरी. माझ्या मते बेनेगलांनी हिंदी सिनेमात एक नाटक कंपनी उभी केली. ती उभी राहू शकली याचं एक मोठं कारण मुंबई-पुण्याच्या प्रायोगिक रंगभूमीत आहे.

१९७१ साली सत्यदेव दुबे यांनी तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’वर मराठी चित्रपट केला. त्यात सुलभा देशपांडे, अरविंद देशपांडे, अमोल पालेकर आणि अमरीश पुरी होते, छायाचित्रण गोविंद निहलानी यांचं. बेनेगलांचा पहिला चित्रपट यायला अजून तीन वर्षं होती. पण ही नावं पुन्हा एकदा वाचा. निहलानी ‘अंकुर’पासून ‘आरोहण’पर्यंत बेनेगलांचे छायाचित्रकार राहिले. दुबे यांनी ‘अंकुर’, ‘निशांत’, ‘जुनून’ या चित्रपटांचे संवाद लिहिले, ‘भूमिका’च्या पटकथेत त्यांचा वाटा होता, आणि ‘निशांत’मध्ये ते पुजारी झाले. तेंडुलकरांनी ‘निशांत’ आणि ‘मंथन’ लिहिले. अमरीश पुरी दोन्हींत, सुलभाताई आणि पालेकर ‘भूमिका’त. मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीवर आणि दुबे यांच्या तालमींत घडलेली ही माणसं बेनेगलांना जवळजवळ तयार मिळाली.

त्यांच्यात भर पडली ती पुण्याची. प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. शबाना आझमी तिथूनच शिकून बाहेर पडल्या आणि ‘अंकुर’ने त्यांना पहिल्याच फटक्यात राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. नसीरुद्दीन शाह दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून याच इन्स्टिट्यूटमध्ये आले होते. गिरीश कार्नाड तेव्हा तिथे संचालक होते. मोहन आगाशे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ, पण ‘घाशीराम कोतवाल’चा नाना म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाणारे. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या. अरुण खोपकरांच्या विद्यार्थिदशेतल्या ‘तीव्र मध्यम’ या लघुपटात त्यांनी काम केलं होतं. बेनेगलांनी त्यांना आधी ‘चरणदास चोर’मध्ये राजकन्या केलं आणि लगेच ‘निशांत’मध्ये घेतलं.

‘निशांत’ची भूमिकावाटणी मला आजही थक्क करते. गावाला वेठीला धरणारे चार जमीनदार भाऊ: थोरला अण्णा म्हणजे अमरीश पुरी, मधले दोघे आगाशे आणि अनंत नाग, धाकटा विश्वम् नसीरुद्दीन. ज्याच्या बायकोला रात्री घरातून उचलून नेतात तो शाळामास्तर कार्नाड, बायको सुशीला शबाना आझमी, विश्वम्‌ची बायको रुक्मिणी स्मिता पाटील, गावचा पोलीस पाटील कुलभूषण खरबंदा. पुढच्या दहा वर्षांच्या समांतर सिनेमाचे जवळजवळ सगळे चेहरे इथे एका वाड्याच्या आतबाहेर उभे आहेत.

आणि दुसऱ्याच वर्षी ‘मंथन’मध्ये या सगळ्यांची उलथापालथ झाली. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून, दहा लाखांत उभा केलेला हा चित्रपट. हताश मास्तर झालेले कार्नाड इथे गाव बदलायला आलेले डॉ. राव आहेत. अमरीश पुरी खासगी डेअरीचे मालक मिश्राजी, खरबंदा सरपंच. वाड्यातल्या कोपऱ्यात दबून राहिलेली रुक्मिणी इथे बिंदू आहे. पदर खोचून भांडते, हसते, फसवली जाते. सगळ्यांत मोठी उडी नसीरुद्दीन यांची. थोरल्या भावांच्या धाकात वाढलेला लेचापेचा जमीनदारपुत्र विश्वम् इथे भोला झाला, दलित वस्तीतला तापट तरुण. शहरी बापाने टाकून दिलेला, म्हणून शहरातून येणाऱ्या कुणावरही विश्वास न ठेवणारा. चंदावरकरची गच्छंती होते तेव्हा कुठे भोलाचं मन डॉ. रावांकडे वळतं. अनंत नाग यांच्या चेहऱ्यावर ‘अंकुर’ची सावली नसती तर भोलाचा संताप आपल्याला इतका आतून पटला असता का, असं मला वाटत राहतं.

कायमची मंडळी हाताशी असण्याचा हा खरा लाभ आहे. व्यावसायिक सिनेमातही तेच नट पुन्हा दिसतात, पण तिथे नट आपली ठरलेली प्रतिमा घेऊन येतो. बेनेगलांकडे ती प्रतिमा दर वेळी मोडून ठेवली जाते, आणि मोडलेल्या जागेवरच नवी भूमिका उभी राहते.

एका नटाकडे जरा थांबून पाहू. अमरीश पुरी ‘निशांत’च्या वेळी त्रेचाळिशीत होते. कर्मचारी राज्य विमा महामंडळातली नोकरी आणि संध्याकाळी नाटक, असं त्यांचं आयुष्य कित्येक वर्षं चाललं होतं. ‘निशांत’मधला अण्णा उघडउघड हिंस्र आहे. त्याचा आवाज, त्याची बसण्याची ढब, समोरच्याकडे मान न वळवता बोलणं. गाव या माणसाला भितं ते पटतं. दोन वर्षांनी ‘भूमिका’मध्ये तोच नट विनायक काळे होतो. काळे श्रीमंत आहे, सभ्य आहे, कमी बोलतो. नवऱ्याला, सिनेमाला, मुंबईला कंटाळलेली नटी उषा त्याच्या आडगावच्या मोठ्या घरात येते. अंथरुणाला खिळलेली पहिली बायको, सासू, लहान मुलगा, वेळच्या वेळी जेवण. उषाला आयुष्यात पहिल्यांदा घर मिळाल्यासारखं वाटतं. मग एक दिवस मुलाला घेऊन जत्रेला जावं असं तिच्या मनात येतं आणि तिला कळतं की या घरातल्या बायका बाहेर जात नाहीत. काळे चिडत नाही. आवाजही चढवत नाही. घरची रीत सांगावी तसं तो सांगतो आणि विषय त्याच्या दृष्टीने संपतो.

हा प्रसंग अंगावर येतो, कारण अण्णाला आपण विसरलेलो नसतो. तोच खर्जातला आवाज, पण आता त्यात हिंसा शोधावी लागत नाही. ती व्यवस्थेत विरघळून गेलेली आहे. शेवटी ज्या नवऱ्याला सोडून उषा आली, त्या केशव दळवीलाच पोलीस घेऊन तिला सोडवायला यावं लागतं. केशवच्या भूमिकेत अमोल पालेकर आहेत. ‘रजनीगंधा’ आणि ‘चितचोर’मधल्या साध्यासरळ तरुणावर लोभ जडलेल्या प्रेक्षकाला, बायकोच्या कमाईवर जगणारा हा संशयी, लाचार नवरा पाहणं जड गेलं असेल. पालेकर बेनेगलांच्या सिनेमातल्या नेहमीच्या मंडळींपैकी नव्हते, पण रंगभूमीच्या नात्याने ते त्याच गोतावळ्यातले होते.

‘भूमिका’ ही हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेली, हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको. कलावंतिणीच्या घरातून आलेली, लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर राबलेली ही बाई साकारताना स्मिता पाटील पुरत्या बावीस वर्षांच्याही नव्हत्या. चित्रपटातली उषा सोळा-सतरा वर्षांच्या पोरीपासून थकलेल्या आईपर्यंत जाते. इतका भार इतक्या कोवळ्या खांद्यांवर टाकायचा धीर दिग्दर्शकाला आला, तो आधीच्या तीन चित्रपटांत तिला जवळून पाहिल्यामुळेच. रुक्मिणीला ‘निशांत’मध्ये फार संवाद नाहीत, आणि न बोलता या मुलीच्या चेहऱ्यावर काय काय घडतं ते निहलानींच्या कॅमेऱ्याने तिथेच टिपलं होतं. ‘भूमिका’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो नट आणि दिग्दर्शक यांच्यातल्या काही वर्षांच्या सलग संवादाचा पुरस्कार होता, असं मी मानतो.

कंपनीचा आणखी एक नियम बेनेगलांनी न बोलता पाळला: मुख्य भूमिका करणाऱ्याने पुढच्या खेपेला कडेला उभं राहायची तयारी ठेवायची. ‘मंडी’ (१९८३) येईपर्यंत शबाना, स्मिता, नसीरुद्दीन, ओम पुरी यांची नावं झालेली होती. तरी नसीरुद्दीन तिथे कोठीवरचा नोकर तुंगरूस आहेत, ओम पुरी छायाचित्रकार, अमरीश पुरी नुसते येऊन जाणारे दरवेश. शबाना यांची रुक्मिणीबाई कोठी चालवते, स्मिता यांची झीनत तिची लाडकी. नीना गुप्ता, सोनी राजदान, इला अरुण, रत्ना पाठक, पंकज कपूर असे नवे लोक त्याच गर्दीत सामावून गेले. एवढ्या माणसांचा गलबला पडद्यावर सुटा सुटा ऐकू येतो, कारण बहुतेक जण एकमेकांसोबत आधी काम केलेले किंवा रंगभूमीवर वाढलेले आहेत.

मंडळी विखुरणार हे उघड होतं. निहलानी स्वतंत्रपणे दिग्दर्शन करू लागले आणि जाताना जणू अर्धं बिऱ्हाडच सोबत घेऊन गेले: ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ या दोन्हींत ओम पुरी, स्मिता, नसीरुद्दीन, अमरीश पुरी आहेत, आणि दोन्हींचे लेखक तेंडुलकर. ‘अर्धसत्य’ तर श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेतून आला. अनंत नाग कन्नड चित्रपटांत स्थिरावले. अमरीश पुरी हिंदी सिनेमाचे सर्वांत महागडे खलनायक झाले. १३ डिसेंबर १९८६ रोजी स्मिता गेल्या.

नव्वदच्या दशकात बेनेगलांनी दुसरी फळी उभारली. तिचा कणा म्हणजे रजित कपूर. ‘सूरज का सातवां घोडा’मधल्या माणिक मुल्लापासून ‘द मेकिंग ऑफ द महात्मा’तल्या गांधींपर्यंत आणि २०२३ च्या ‘मुजीब’मधल्या भुट्टोंपर्यंत ते बेनेगलांसोबत राहिले. राजेश्वरी सचदेव, पल्लवी जोशी, सुरेखा सिक्री, इला अरुण यांचीही ये-जा सुरू राहिली. सचिन खेडेकर ‘नेताजी’त सुभाषबाबू झाले, ‘संविधान’ मालिकेत डॉ. आंबेडकर. या काळातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ‘मम्मो’ (१९९४) आणि ‘झुबैदा’ (२००१) या चित्रपटांत सुरेखा सिक्री यांची फय्याजी तीच आहे आणि रजित कपूर यांचा रियाजही तोच. दोन चित्रपटांमध्ये सात वर्षं गेलेली. नट खरोखर तेवढे मोठे झालेले. आईचा शोध घेणारा रियाज ‘झुबैदा’त समोर येतो तेव्हा या घराचा एक भाग आपल्या ओळखीचा असतो.

तरीही या पद्धतीवरचा एक आक्षेप मला टाळता येत नाही. ‘मंथन’मधले दलित, ‘अंकुर’मधली लक्ष्मी, ‘निशांत’मधली गरीब माणसं साकारली ती मुख्यतः शहरी, शिकलेल्या, बहुतांश वरच्या थरातल्या नटांनी. नसीरुद्दीन भोला इतक्या ताकदीने उभा करतात की प्रश्न विचारायचं सुचतच नाही. पण भोलाच्या वस्तीतल्या कुणाला या मंडळींत कधी जागा मिळाली का? तेच नट पुन्हापुन्हा घेतले की दाराबाहेरची माणसं बाहेरच राहतात. समांतर सिनेमाने नायक-नायिकांच्या जुन्या साच्याला विरोध केला आणि बघता बघता डझनभर चेहऱ्यांचा स्वतःचा साचा तयार झाला. ऐंशीच्या दशकात खेड्यावरचा, अन्यायावरचा कुठलाही चित्रपट यायचा तो याच चेहऱ्यांनिशी, आणि हळूहळू ते खेडं खरं वाटेनासं झालं. त्याचा सगळा दोष बेनेगलांचा नाही, पण सुरुवात त्यांच्याकडून झाली होती.

हे त्यांना ठाऊक होतं असं मला वाटतं, ते ‘समर’मुळे. हर्ष मंदर यांच्या पुस्तकातल्या एका हकिकतीवर अशोक मिश्र यांनी लिहिलेला हा चित्रपट. शहरातला एक चित्रपट-चमू मध्य प्रदेशातल्या खेड्यात दलितांवरच्या अत्याचाराची सत्यकथा चित्रित करायला येतो. ज्याच्यावर तो अत्याचार झाला तो नथू गावात आहे आणि शूटिंग पाहतो आहे. ती भूमिका रघुवीर यादव यांची. नथूचं काम करणारा शहरी दलित नट म्हणजे किशोर कदम, आपले कवी सौमित्र. नटांमधली जात तंबूत, जेवणाच्या पंगतीत, बोलण्यातून डोकं वर काढू लागते. प्रागतिक म्हणवणाऱ्यांच्या आतलं काय काय बाहेर येतं. १९९८ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘समर’ला मिळाला, पण बेनेगलांच्या थोर चित्रपटांची नावं घेताना लोक त्याला वगळतात. तसं होऊ नये. पंचवीस वर्षं ज्या रीतीने काम केलं तिची उलटतपासणी त्यांनी इथे केली, आणि ती परक्यांना पिंजऱ्यात उभं करून केली नाही. नटी राजेश्वरी सचदेव, आणि गावात कॅमेरा घेऊन आलेला, सगळं कळतंय असं वाटणारा दिग्दर्शक म्हणजे रजित कपूर.