कोरड्या रस्त्यावर न दिसणारा ऐब

फेब्रुवारी-मार्च आला की कोकणात जुन्या फोर बाय फोर गाड्यांची विचारपूस वाढते. आंब्याच्या बागेची वाट कातळावरून जाते, मध्येच लाल मातीचा चढ लागतो, आणि भरलेले क्रेट घेऊन तो चढ काढायचा तर चारही चाकांना ताकद लागते. नवी गाडी परवडत नाही. मग बागायतदार, चिऱ्यांची वाहतूक करणारा, विहिरीवर पंप बसवणारा, असे सगळे जुनी कॅम्पर, जुनी थार किंवा एखादी म्हातारी जीप शोधू लागतात. अलीकडे रमजानही याच दिवसांत येतो. त्यामुळे असरच्या नमाजनंतर गाडी बघायची, बाजारपेठेतून एक चक्कर मारायची आणि इफ्तारच्या आत विसार देऊन मोकळे व्हायचे, असे सौदे सर्रास होतात.

घाई वाईटच, पण हा हंगाम त्याहून फसवा. या दिवसांत जमीन कोरडी असते.

या गाड्या रोजच्या वापरात मागच्या दोन चाकांवर चालतात. लिव्हर ओढली किंवा बटण फिरवले, की ट्रान्सफर केस नावाचा डबा इंजिनची ताकद पुढच्या चाकांकडेही वळवतो. या डब्यातले दाते झिजले, किंवा पुढच्या डिफरन्शियलचा क्राउन-पिनियन गेला, की दुरुस्ती महाग पडते. पार्ट कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधावे लागतात, आणि डबा उतरवून पुन्हा बसवायचा म्हणजे मिस्त्रीचे दोन-तीन दिवस जातात. त्यावर एक स्वस्त तोड आहे. पुढचा प्रॉपेलर शाफ्टच काढून टाकायचा. आवाज बंद, धक्के बंद, गाडी डांबरीवर लोण्यासारखी पळते. लिव्हर नेहमीसारखी पडते, काही गाड्यांत समोरचा फोर-व्हीलचा दिवाही लागतो. पुढच्या चाकांना मात्र काहीच पोचत नाही.

गिऱ्हाईक अशी गाडी चालवून बघते आणि खूश होते. मग जूनचा पहिला पाऊस पडतो. शेवटचा आंबा उतरवायचा असतो, गाडी चढाच्या मध्यावर मागची चाके फिरवत जागच्या जागी चिखल उडवते, आणि खाली पाहिले तर शाफ्टच्या जागी नुसती फ्लँज. तोवर कर्जाचे तीन हप्ते गेलेले असतात.

मदिनेच्या बाजारातला एक प्रसंग हदीसच्या ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहात आहे आणि मशिदीतल्या बयानांत तो पुष्कळदा सांगितला जातो. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. तेव्हा त्यांनी त्याला सुनावले, की भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस. फसवणारा माझ्यातला नव्हे. भिजलेले धान्य विकायला मनाई केली, असे त्या प्रसंगात कुठेच येत नाही. ओल आत आणि कोरडे वर, या रचनेला आक्षेप होता. शाफ्ट काढून गाडी धुऊन-पॉलिश करून उभी करणे ही तीच रास.

इस्लामी कायद्यात, म्हणजे फिक्हमध्ये, यावर ‘खियार-ए-ऐब’ असे स्वतंत्र प्रकरणच आहे. आधीपासूनचा, न सांगितलेला दोष निघाला तर खरेदीदाराला सौदा मोडण्याचा हक्क मिळतो. त्याला एक अट आहे. दोष कळल्यावरही वस्तू आपली म्हणून वापरत राहिलात तर ती तुम्ही पत्करली असे धरतात. चिखलात फसलेली गाडी बाहेर काढून त्याच संध्याकाळी तिने क्रेट वाहायचे आणि महिन्याभराने भांडायला जायचे, हे तिथे चालत नाही.

देशाचा कायदा इतका उदार नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ खाली दिलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत. ‘अ’ ला ठाऊक आहे की आपला घोडा सदोष आहे. तो लिलावात विकतो आणि गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण खरेदीदार ‘ब’ म्हणाला, की तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा धडधाकट आहे असे समजतो, आणि तरीही ‘अ’ गप्प राहिला, तर ते गप्प राहणे बोलण्याइतकेच ठरते. दीडशे वर्षांपूर्वीचा तो घोडा आज चार चाकांवर उभा आहे. म्हणून तो प्रश्न तोंडाने विचारावा, शक्यतो दोन माणसांदेखत: “मामू, फोर-व्हील चालू आहे ना? नसेल तर आत्ताच सांगा, मी चालू धरून पैसे देतोय.” जाणूनबुजून दोष झाकणे, उदाहरणार्थ डिफरन्शियलचे रडणे दबावे म्हणून त्यात जाडे तेल किंवा चक्क लाकडाचा भुसा भरणे, हे मात्र कायद्यालाही गप्प राहणे वाटत नाही. ती फसवणूकच.

विचारण्याबरोबर वाकून पाहावे. लुंगी मळेल, मळू द्या. ट्रान्सफर केसपासून पुढच्या हौसिंगपर्यंत शाफ्ट आहे का, हे पाहायला मिस्त्री लागत नाही. मग गाडी भुसभुशीत मातीत किंवा खडीवर न्यावी, फोर-व्हील लावून अगदी सावकाश पूर्ण वळण घ्यावे. पुढे ताकद पोचत असेल तर स्टिअरिंग जड होते, गाडी अडखळल्यासारखी वळते. ती निरोगी असल्याची खूण आहे. वळण लोण्यासारखे गेले तर शंका घ्यावी. हा प्रयोग कोरड्या डांबरीवर करू नये, धड असलेल्या डब्यावरही ताण येतो. फोर-लोमध्ये चढावर लिव्हर आपोआप सुटून बाहेर येत असेल तर दाते गेले. ॲक्सिलरेटर सोडताना-दाबताना ‘टक्’ वाजत असेल तर शाफ्टचा क्रॉस ढिला, हे काम त्यामानाने किरकोळ. चारही टायर एका मापाचे आणि सारखे झिजलेले नसतील तर आधीच्या मालकाने डब्याचे हाल केले आहेत असे समजावे. कागदपत्रे, बँकेचा बोजा उतरवणे वगैरे सगळे पाहतातच.

रमजानमध्ये अनेक व्यापारी जकातीचा हिशेब करतात. स्वतःच्या धंद्यात वापरायच्या गाडीवर जकात नाही, पण गाड्यांची खरेदी-विक्री करणाऱ्याच्या आवारात विकायला उभ्या असलेल्या गाड्या म्हणजे माल. त्यावर त्या दिवशीच्या बाजारभावाने अडीच टक्के. हा भाव धरताना डबा गेलेल्या गाडीची किंमत बरोबर कमी लावली जाते. म्हणजे दोष ठाऊक आहे आणि त्याचा पैशातला आकडाही ठाऊक आहे. तो आकडा वहीतून गिऱ्हाइकाच्या कानापर्यंत जायला काहीच खर्च येत नाही.

आणि गेलेल्या डब्याची गाडीही विकली जाते. शहरात सिमेंट-पत्रे वाहणाऱ्याला फोर-व्हील कशाला हवे? तो शाफ्ट नसलेली गाडी आनंदाने घेतो, फक्त भाव तसा मागतो. सौदापावतीवर एक ओळ वाढवायची: पुढचा शाफ्ट काढलेला आहे, ट्रान्सफर केसचे काम बाकी आहे, किंमत त्याप्रमाणे ठरली. खाली दोघांच्या सह्या. काढलेला शाफ्ट मागच्या हौद्यात टाकून द्यावा, तो गाडीबरोबरच जातो.