घळीच्या काठचे पीक पिवळे का पडते?

बांध फुटला की पहिल्या वर्षी शेतात वीतभर ओघळ दिसते. औताने ती बुजते आणि आपण विसरून जातो. औताने बुजणार नाही इतकी ती खोल गेली, की तिची घळ झाली. 30 मीटर लांब, सरासरी दीड मीटर रुंद आणि एक मीटर खोल घळीतून 45 घनमीटर, म्हणजे सुमारे 58 टन माती गेलेली असते. हे नुकसान डोळ्यांना दिसते. काठच्या जमिनीत होणारा बिघाड मात्र पीक पिवळे पडल्यावरच लक्षात येतो. पठारावरील मध्यम खोल काळ्या जमिनीत तो कसा होतो, ते पाहू.

जमिनीची घडण

घळीकडे ओढले जाणारे पाणी काठावरची बारीक माती आणि कुजलेला पालापाचोळा आधी उचलते. खडे व चुनखडीचे गोटे मागे राहतात. सेंद्रिय पदार्थ गेल्याने मातीचे कणसमूह टिकत नाहीत. पावसाच्या माऱ्याने ते फुटतात, वर पापुद्रा धरतो, पाणी मुरण्याऐवजी वाहते. हेच वाहते पाणी घळीच्या वरच्या टोकाला कोसळून ते आणखी पोखरते. म्हणून घळ उताराच्या वरच्या अंगाला चढत जाते.

उघडा पडलेला खालचा थर घट्ट असतो, त्यात मुळे सहज शिरत नाहीत. शिवाय घळीच्या उभ्या भिंतीतून ओल उडते आणि काठाला समांतर भेगा पडतात. रब्बी ज्वारी शेताच्या मध्यात हिरवी असताना काठावर आधी सुकते, त्यामागे हेही एक कारण असते.

रासायनिक बदल

सेंद्रिय कर्ब व नत्राचा मोठा साठा वरच्या थरात असतो. तो गेला की नत्र कमी पडते. काळ्या जमिनीत खोलीनुसार चुनखडी सहसा वाढत जाते. तो थर वर आला की सामू वाढतो, स्फुरद चुन्याशी बांधला जातो, लोह व जस्त असूनही पिकाला मिळत नाही. कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर लोहाची कमतरता समजावी. अशा ठिकाणी नुसता युरिया वाढवून पैसे जातात, पिवळेपणा जात नाही.

मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. जोरात फसफसली तर चुनखडी भरपूर आहे. कोरडे ढेकूळ स्वच्छ पाण्यात न हलवता ठेवल्यावर भोवती गढूळ ढग पसरला, तर सोडियम जास्त असण्याची शक्यता असते. अशी माती पाण्यात विरघळल्यासारखी सुटते आणि घळ झपाट्याने वाढते. जिप्सम मात्र माती परीक्षण करूनच टाकावे.

काय करावे?

काठच्या पट्ट्याचा मातीचा नमुना वेगळा घ्यावा. तो शेताच्या नमुन्यात मिसळला, तर सरासरी आकडा दोन्ही जागांना चुकीचा ठरतो. या पट्ट्यात शेणखत जास्त द्यावे. फेरस सल्फेट व झिंक सल्फेट परीक्षणानुसार शेणखतात मुरवून टाकावे.

घळीत मुरूम लोटण्याची घाई नको. वरून येणारे पाणी तसेच राहिले, तर सैल भराव पहिल्याच जोराच्या पावसात वाहून जातो. आधी वरच्या बाजूला पाणी अडवावे किंवा वळवावे, घळीत उतारानुसार अनगड दगडी बांध घालावेत आणि काठावर वाळ्याचे गवत लावून तेवढी पट्टी नांगराविना ठेवावी.