तारीख कोणी टाकायची?

पहाटे साडेपाच

लाल्यानं दुधाकडे पाहिलं आणि मान वळवली. आठवडाभर तो फक्त माझ्या हातचं चाटत होता. आईनं किंवा बायकोनं वाटी पुढे केली की तोंड फिरवायचा. आज माझ्या हातचंही नको झालं. पाणी प्यायला आणि लगेच पिवळं ओकून टाकलं.

वय चौदा. 2011 च्या दिवाळीत भावानं बोरगाव मंजूच्या शेतातून त्याला पिशवीत घालून अकोल्याला आणून दिलं. त्या हंगामात भावाच्या कपाशीवर लाल्या रोग पडला होता, पिल्लूही तांबूस, म्हणून नाव त्यानंच ठेवलं. पीक हातचं गेल्यावरही शेतकऱ्याला असला विनोद सुचतो.

गुरुवारी डॉक्टरांनी रक्त तपासलं. क्रिएटिनिन नऊच्या वर. कुत्र्यात ते साधारण दीडच्या आत असावं लागतं. म्हाताऱ्या कुत्र्याची किडनी गेली की परत येत नाही, कातडीखाली सलाइन दिलं की दोन दिवस बरे जातात, इतकंच. ‘तुम्ही ठरवा, पण फार लांबवू नका,’ असं म्हणून त्यांनी पुढचा पेशंट आत घेतला.

आज शनिवार, 30 ऑगस्ट 2025. गणपती बसलेले, उद्या महालक्ष्म्या यायच्या. बायको कालपासून मुखवटे घासतेय. रात्री ती म्हणाली, ‘अहो, मंगळवारी विसर्जन होऊ द्या, मग काय ते करा. सणाच्या घरात असं नको.’ तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. पण मंगळवार म्हणजे आणखी तीन रात्री, आणि रात्री तो झोपत नाही. धापा टाकत भिंतीशी उभा राहतो. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे दार कुठे हेही त्याला सापडत नाही.

आईचं म्हणणं वेगळंच. आई दापुरीकडची, गाडगेबाबांच्या कीर्तनाच्या गोष्टी ऐकत वाढलेली. ‘बाबानं मुक्या जनावराले अभय द्या म्हटलं, आन तू सुई द्याले निंगाला,’ एवढं बोलून ती वाती वळत बसली.

सव्वासात

अकोल्याच्या स्टँडवर अमरावतीची एसटी. रोजच्या या जाण्यायेण्याला आमच्याकडे अप-डाऊन म्हणतात. शिक्षक, तलाठी, बँकवाले, कोर्टातले, सगळे आपापल्या ठरलेल्या सीटवर. कोणी ‘कुत्रं कसं आहे?’ विचारलं, कोणी ‘सोमवारपासून तुमचं रजिस्टर बंद ना?’ दोन्ही प्रश्नांना मी मान हलवली.

काटेपूर्णेच्या पुढे दोन्ही बाजूंना सोयाबीन शेंगांवर आलेलं, कपाशीला पात्या-फुलं. मुर्तिजापूर आलं तेव्हा आईचं वाक्य पुन्हा डोक्यात आलं, कारण बाबांचं गोरक्षण याच गावात. थकलेल्या जनावराला विकू नका, कापू नका, मरेपर्यंत सांभाळा, हे ज्यांनी गावोगाव सांगितलं त्यांच्या मुलखात मी राहतो. गोठ्यात भाकड गाय सांभाळणं मला कळतं. पण ओकणाऱ्या, धापणाऱ्या कुत्र्याला सांभाळणं म्हणजे नेमकं काय, हे कुठल्या कीर्तनात विचारायचं?

साडेनऊ

अमरावतीच्या पोस्टात माझं काउंटर उघडण्याआधी जुन्या लेबलांचे रोल मोजले. महाराष्ट्रात रजिस्टरच्या बारकोडची सुरुवात ‘आरएम’नं व्हायची, स्पीड पोस्टची ‘ईएम’नं. सोमवारपासून आरएम चालणार नव्हती.

बदल अचानक आलेला नाही. जुलैत परिपत्रक आलं: 1 सप्टेंबरपासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन. ऑगस्टमध्ये संगणकाची नवी प्रणालीही आली, तिची बटणं अजून बोटांना सवयीची व्हायची आहेत. कारणंही उघड आहेत. लाल्या घरी आला त्या 2011-12 सालात देशभरात 24 कोटी 44 लाख रजिस्टर गेली होती. 2019-20 पर्यंत ती 18 कोटी 46 लाखांवर आली. खाजगी कुरिअर, ई-मेल, व्हॉट्सॲप. एकाच गावाला जाणारी दोन पत्रं दोन वेगळ्या थैल्यांतून, दोन वेगळ्या हिशोबांनी पाठवायची कशाला, हा प्रश्न खात्यानं विचारला तर त्यात गैर काही नाही. डेन्मार्कच्या टपाल कंपनीनं तर 2025 च्या अखेरीस पत्रं वाटणंच थांबवायचं जाहीर केलं होतं. तिथे ते 1624 पासून चालू होतं. त्या मानानं आमचं फक्त नाव बदलतंय.

मला त्या परिपत्रकात एक गोष्ट आवडली होती, आणि ती मी कोणाला सांगितली नाही. त्यात तारीख होती. माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

अकरा ते दीड

गर्दी शनिवारच्या मानानं फार. ‘शेवटचा दिवस’ ही बातमी आमच्याआधी लोकांनी वाचलेली.

एका वकिलाचा कारकून नोटिसांचा गठ्ठा घेऊन आला. चेक न वटल्याच्या नोटिसा, कलम 138 च्या. चेक परत आल्याचं बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस निघावी लागते, आणि मिळाल्यापासून पंधरा दिवसांत समोरच्यानं पैसे द्यायचे असतात. म्हणून या लोकांचा जीव आमच्या शिक्क्यावरच्या तारखेत अडकलेला. एक दिवस चुकला तर खटला गेला. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या 27 व्या कलमात रजिस्टर्ड पोस्टाचं नाव आहे: पत्ता बरोबर, पैसे भरलेले, रजिस्टर केलेलं असेल तर ते पोचलं असं कायदा धरून चालतो, उलट सिद्ध होईपर्यंत. कारकुनाला हे माझ्यापेक्षा चांगलं पाठ. ‘साहेब, कायद्यात तर रजिस्टरच लिहिलंय. सोमवारी जज विचारतील तर?’ मी म्हटलं, ‘जज तुमचे, शिक्का आमचा.’ तो हसला आणि उरलेल्या नोटिसा आजच लावून गेला.

हिशोब सगळे विचारत होते. साधं रजिस्टर तेव्हा 25 रुपये 96 पैशांपासून सुरू व्हायचं, कर धरून. बाहेरगावचं स्पीड पोस्ट पन्नास ग्रॅमपर्यंत 41 रुपये 30 पैसे होतं. शहरातल्या शहरात स्पीड पोस्ट उलट स्वस्त होतं, पण नोटीस काय, अर्ज काय, गावाबाहेरच जायचे असतात.

फरक नुसता पैशांचाही नव्हता. रजिस्टर ज्याच्या नावचं त्याच्याच हाती, किंवा त्यानं लेखी अधिकार दिलेल्याच्या हाती. स्पीड पोस्ट पत्त्यावर. घरातलं कोणीही सही करून घेऊ शकतं. जमिनीच्या वादात हा फरक फार मोठा असतो, कारण भाऊ-भाऊ एकाच पत्त्यावर राहतात आणि एकाच्या नावची नोटीस दुसरा घेऊन कोनाड्यात ठेवून देतो. (पुढे ऑक्टोबरपासून पाच रुपये आणि कर जादा भरून नावानिशी वाटपाची सोय स्पीड पोस्टातही आली. त्या शनिवारी ती हातात नव्हती.)

भातकुलीकडचे एक काका वारसा नोंदीच्या हरकतीचा अर्ज घेऊन आले. लिफाफा भातानं चिकटवलेला.

‘भाऊ, सोमवारपासून रजिस्टरी बंद होऊन राह्यली म्हंतेत?’

‘बंद नाही काका. आता स्पीड पोस्टानं जाईल.’

‘मंग पैसे जास्त लागतीन.’

‘लागतील.’

‘आन पोचंन लवकर?’

‘लवकर पोचेल.’

‘मले लवकर कुठी पाह्यजे बापा! मले पावती पाह्यजे.’

पावती स्पीड पोस्टातही मिळते, पोचपावतीही मागता येते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आरएमची पावती चार घड्या करून बंडीच्या आतल्या खिशात घातली आणि तिथेच उभे राहिले. काही तरी राहिलंय असं वाटणारी माणसं अशी उभी राहतात. मी म्हटलं, ‘झालं काका.’ तेव्हा गेले.

एक तरुण विचारून गेला, तार बंद झाली तेव्हाही असंच होतं का? तार जुलै 2013 मध्ये बंद झाली, आणि तेव्हा ती दूरसंचारवाल्यांकडे होती, आमच्याकडे नव्हती. पण लोक त्या दिवशीही आमच्याच खिडकीशी आले होते. काही बंद पडलं की लोकांना पोस्टच आठवतं.

दीड

डबा उघडला तोच आईचा फोन. आई स्वतःहून फोन करत नाही. कोणी लावून दिला तर बोलते.

‘त्यानं उभं राहाचं सोडलं रे. मांडीवर डोकं ठेवलं माह्या. अंग थंड पडून राह्यलं.’

मी काही बोललो नाही.

‘तू ये लवकर. मले नाही पाह्यवत.’

‘आई, तूच सकाळी...’

‘सकाळचं सकाळी झालं. ये बापा.’

फोन बायकोनं घेतला. मुखवटे पुसून कापडात ठेवलेत, कोठ्या उभ्या करायचं काम शेजारची करेल, डॉक्टरांना तिनंच विचारून ठेवलंय, सातला वेळ आहे. मंगळवारचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही.

डबा तसाच बंद केला.

तीन

पोस्टमास्तरांकडे गेलो. कारण काय सांगू हा प्रश्नच होता. आई आजारी म्हणावं असं क्षणभर मनात आलं; पोस्टात त्याला कोणी हरकत घेत नाही. शेवटी खरं तेच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, म्हणाले, ‘आमच्या सासऱ्यांकडे बैल होता, पोळ्यानंतर गेला. सासरे चार दिवस जेवले नाहीत. जा तुम्ही.’ आणि मग खात्याच्या माणसासारखं, ‘आरएमचे उरलेले रोल मोजून सही करून जा.’

मोजले. सही केली. तेवढ्यात एकजण धावत आला, परीक्षेच्या कागदांचा लिफाफा, रजिस्टरच पाहिजे. मी उठलो होतो. सहकाऱ्यानं खुर्ची घेतली. त्या काउंटरवरची शेवटची आरएम माझ्या हातून गेली नाही, याचं मला काहीच वाटलं नाही. एरवी वाटलं असतं.

सव्वाचार

बडनेरा सोडून लोणीच्या पुढे रस्ता मोकळा. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला रस्त्यावर 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा सलग 105 तास 33 मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. आम्ही अप-डाऊनवाले तेव्हा पाच दिवस कडेकडेनं जाताना ती यंत्रं पाहत होतो आणि घाई कशाची म्हणून हसत होतो. दिवसभर काउंटरवर मी काकांच्या बाजूचा होतो, लवकर कशाला पाहिजे म्हणणारा. आता कंडक्टरनं कुरुमला घंटी मारली तरी राग येत होता. मानाला एक बाई पिशव्या चढवत होती, महालक्ष्म्यांसाठी भाज्यांच्या. सोळा भाज्या लागतात. तिच्याकडे पाहत मनात म्हटलं, बाई, चढा हो लवकर.

बसमध्ये ठरवायचं असं काही उरलं नव्हतं, आणि तरी मी ठरवतच होतो. रजिस्टरची तारीख दिल्लीनं टाकली. मला फक्त त्या दिवशी खुर्चीत बसायचं होतं. लाल्याची तारीख टाकायला कोणीच नव्हतं. डॉक्टर म्हणाले तुम्ही ठरवा, बायको म्हणाली मंगळवार, आई म्हणाली अभय. आपोआप जाईल तर बरं, असं मी गेले चार दिवस मनात म्हणत होतो, आणि त्याला मी माया म्हणत होतो.

सात

दवाखान्यात टेबलावर त्याला आईच्या जुन्या लुगड्यावर ठेवलं. आई रिक्षातून आली होती, बाहेर बाकावर बसली.

डॉक्टरांनी संमतीपत्र पुढे केलं. मालकाचं नाव, जनावराची जात, वय, रंग, आजार. ‘जात’च्या पुढे मी ‘गावठी’ लिहिलं. खाली सही, आणि सहीखाली दिनांक. आजवर मी लोकांना म्हणत आलो, इथे सही, इथे तारीख, स्पष्ट लिहा. डॉक्टर तेच म्हणाले. मी 30/8/2025 लिहिलं, इतकं स्पष्ट की त्यांना पुन्हा सांगावं लागलं नाही.

आधी गुंगीचं इंजेक्शन. धाप थांबली. किती दिवसांनी त्याचा श्वास संथ चाललेला मी पाहिला. मग दुसरं. स्टेथोस्कोप लावून डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि कागदावर वेळ लिहिली.

आई आत आली, त्याच्या कानावरून हात फिरवला. ‘सुटला,’ म्हणाली. सकाळच्या अभयाचं तिनं काही काढलं नाही.

साडेनऊ

बोरगावला भावाच्या शेतात. त्यानं बॅटरीच्या उजेडात धुऱ्यावर खड्डा करून ठेवला होता. पावसानं काळी माती चिकट, फावड्याला लागून येत होती. दोघांनाही दम लागला. कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून कमरेएवढा खोल घेतलेला. वर बोराटीच्या फांद्या टाकल्या.

भाऊ हात धुता धुता म्हणाला, ‘सोमवारी सुट्टी टाक. महालक्ष्म्याचं जेवण हाय, आंबील हाय.’

‘सोमवारी नाही जमत. पहिला दिवस आहे. लोक रजिस्टर करायला येतील.’

‘बंद झालं ना पण ते?’

‘म्हणून तर येतील,’ मी म्हटलं, आणि त्याच्या गाडीवर मागे बसलो.